सावल्यांची साक्ष

इंदूरहून उज्जैनीस जाणारा रस्ता सांवेर गावावरून जातो, म्हणून इंदूरचे लोक त्यास सांवेर रोड म्हणतात. महाकाळाच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू याच वाटेने जातो; सांवेरच्या उलट्या हनुमंताची ख्याती ऐकून तेथे क्षणभर थांबणारेही पुष्कळ असतात. परंतु शहराची दाट वस्ती सरते न सरते तोच या रस्त्याच्या कडेने एक निराळेच जग सुरू होते. पत्र्याच्या छपरांची रांग, धुराडी, मालमोटारींची वर्दळ आणि पाळी बदलण्याच्या वेळी फाटकाशी जमलेले सायकलस्वार, असे ते इंदूरचे औद्योगिक क्षेत्र होय. देवदर्शनास जाणाऱ्याचे लक्ष तिकडे सहसा जात नाही. माझेही गेले नव्हते.

काही वर्षांपूर्वी या रस्त्यावरच्या एका कारखान्यातील कामगार आपला दावा घेऊन माझ्याकडे आला. लोखंड ओतण्याच्या त्या कारखान्यात वाळूचे साचे फोडण्याचे व ओतीव माल घासून साफ करण्याचे काम त्याने अठरा वर्षे केले होते. जिना चढून येताना त्याला दोनदा थांबावे लागले. त्याने पिशवीतून एक मोठा खाकी लिफाफा काढला आणि आतली क्ष-किरणांची फिल्म मेजावर ठेवली. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते, की क्षयाची शंका आहे. कारखान्याचे म्हणणे असे, की क्षय हा गरिबीचा रोग, त्याचा कामाशी संबंध नाही. मी फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली. बरगड्या ओळखू आल्या, हृदयाचा आकार ओळखू आला. बाकी सारे पांढरे, काळे आणि राखी. मी कायद्याचा पदवीधर. त्या चित्रात पांढरे का पांढरे आणि काळे का काळे, हे मला सांगता येईना. ज्या पुराव्यावर एका कुटुंबाचे पोट अवलंबून होते, तो पुरावा मला वाचताच येत नव्हता.

त्यानंतर मी जे वाचले, डॉक्टर मित्रांना विचारून जे समजून घेतले, त्यातून एक इतिहास माझ्यासमोर उभा राहिला. तोच येथे वाचकांस सांगावयाचा आहे.

रोंटगेनची कसोटी

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म कोनराड रोंटगेन या प्राध्यापकास आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत एक नवल दिसले. काळ्या कागदाने पूर्ण झाकलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली असता दूर ठेवलेला रसायनाचा पडदा उजळू लागला. कागदातून पार होणारे, डोळ्यांना न दिसणारे हे किरण कोणते, ते ठाऊक नसल्यामुळे त्याने त्यांस बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव दिले. आपल्याकडे अज्ञात राशीस ‘क्ष’ म्हणण्याची रीत असल्यामुळे मराठीत ते सहजच क्ष-किरण झाले.

त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवून त्यातून हे किरण सोडले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. येथे मात्र बोटातील अंगठी दिसली आणि त्या अंगठीच्या आतले बोटाचे हाडही दिसले. सारे जग त्या चित्राने थक्क झाले. रोंटगेनने या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यास मिळाले.

हाताचे ते चित्र सर्वांना माहीत आहे. त्याच्या पहिल्या निबंधातील एक साधा प्रयोग मात्र फारसा कोणी सांगत नाही. हजार पानांच्या पुस्तकातून किरण पार होतात, लाकडातून होतात, दीड मिलिमीटर जाडीच्या शिशातून जवळजवळ होत नाहीत, अशा नोंदी करता करता त्याने काच, ॲल्युमिनियम, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा दगड, यांच्या सारख्या जाडीच्या चकत्या घेतल्या. या चारही पदार्थांची घनता जवळपास सारखी आहे. घनतेवरच सारे अवलंबून असते तर चौघांची सावली सारखी पडली असती. परंतु कॅल्साइटने किरण स्पष्टपणे अधिक अडवले. घनता हे मुख्य कारण असले तरी एकमेव कारण नव्हे, असे त्याने नोंदून ठेवले.

या एका नोंदीत पुढील सगळ्या शास्त्राचे बीज आहे. कॅल्साइटमध्ये कॅल्शियम असते, आणि आपली हाडे कॅल्शियमचीच असतात. गारगोटीकडे आपण पुढे परत येऊ. ती या कथेतील दुसरे पात्र होय.

पाच वर्ण

आपले शरीर ज्या निरनिराळ्या द्रव्यांचे बनले आहे त्यांस शास्त्रज्ञ ‘ऊतके’ म्हणतात. संस्कृतात ‘ऊत’ म्हणजे विणलेले. हा विणलेला पट क्ष-किरणांसमोर धरला असता प्रत्येक धागा आपल्या गुणानुसार किरण अडवतो अथवा सोडतो. जेथून किरण पार होतात तेथे फिल्म काळी पडते. जेथे ते अडतात तेथे ती पांढरी राहते. म्हणजे आपण जे पांढरे पाहतो ती खरोखर सावली असते. व्यवहारातली सावली काळी, येथली पांढरी. एवढा एक उलटेपणा ध्यानात ठेवला की पुढचे सोपे जाते.

जाणकार या चित्रात पाच वर्ण मोजतात. पहिला हवेचा. हवा पाण्याच्या मानाने इतकी विरळ, की तिच्यातून किरण जवळजवळ अडथळ्याविना जातात. म्हणून फुप्फुसे काळी दिसतात. दुसरा चरबीचा, ती पाण्याहून थोडी हलकी आणि मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांची, म्हणून गडद राखी. तिसरा वर्ण पाण्याचा म्हणावयाचा; पण त्यात स्नायू, रक्त, यकृत, प्लीहा, हृदय असे सारे येते, आणि हे सगळे एकाच फिकट राखी रंगाचे दिसतात. चौथा हाडाचा, पांढरा. पाचवा धातूचा, अगदी शुभ्र. गोळी, टाचणी, दातात भरलेला धातू आणि अंगावर राहून गेलेले मंगळसूत्र यांचा हा वर्ण.

हाड मांसाहून इतके वेगळे का दिसावे? घनतेने ते मांसाच्या दुपटीहूनही कमीच असते. खरे कारण अणूच्या अंगी आहे. वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या सौम्य क्ष-किरणांना अडवण्याची अणूची शक्ती त्याच्या अणुक्रमांकाच्या सुमारे घनाच्या प्रमाणात वाढते. ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, कॅल्शियमचा २०, म्हणजे अडीच पट. परंतु अडीचचा घन केला की तो पंधराच्या वर जातो. म्हणून हाडातले मूठभर कॅल्शियम एवढी ठळक सावली पाडते. रोंटगेनच्या कॅल्साइटच्या चकतीने हेच सांगितले होते.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या माणसास विशेष विचार करावयास लावणारी आहे. या चित्रात वस्तू दिसत नाही. दोन वर्णांमधली सीमा दिसते. हृदयाची कड आपणांस स्पष्ट दिसते, कारण तिच्या शेजारी हवेने भरलेले काळे फुप्फुस असते. त्याच ठिकाणी फुप्फुसात न्यूमोनियाचा स्राव भरला, की हृदय जागच्या जागी असूनही त्याची कड पुसली जाते. कारण आता दोन्ही बाजूंस पाण्याचाच वर्ण झाला. बेंजामिन फेल्सन आणि त्याच्या सहकाऱ्याने १९५० साली या नियमाचे महत्त्व दाखवून दिले, आणि आज तो प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो. पोटात तर ही अडचण सदाचीच. मूत्रपिंडातील बहुतेक खडे कॅल्शियमचे असल्यामुळे दिसतात, पण युरिक आम्लाचे दिसत नाहीत. पित्ताशयातील बहुतेक खडे साध्या चित्रात दिसतच नाहीत. वेदनेने लोळणाऱ्या माणसाची फिल्म निर्दोष निघू शकते.

ही उणीव भरून काढण्याचे यत्न पुढे झाले. बेरियमचे पांढरे द्रावण पाजून आतड्यांना सीमा देण्यात आली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र काढले, आणि एकावर एक पडलेल्या सावल्या सोडवण्याची युक्ती साधली. त्याच्या मापपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे एक हजार आणि चरबी उणे शंभराच्या आसपास असते. डोळ्यांनी ठरवावयाचा वर्ण आता आकड्यात सांगता येऊ लागला. तरीही गल्लीबोळातल्या दवाखान्यात, कारखान्याच्या तपासणीत आणि न्यायालयाच्या कागदपत्रांत आजही बहुधा येते ते छातीचे साधे चित्रच.

न्यायासनापुढे

हे चित्र न्यायासनापुढे येण्यास वेळ लागला नाही. फेब्रुवारी १८९६ मध्ये, म्हणजे शोधास पुरते तीन महिने होत होते तोच, कॅनडातील माँट्रियल येथे एका तरुणाच्या पायात रुतलेली गोळी प्राध्यापक कॉक्स यांनी काचेवर दाखवली, आणि ती काच पुढे खटल्यात पुरावा म्हणून आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील डेन्व्हर येथे मांडीचे हाड मोडल्याच्या वादात न्यायाधीश लेफेव्हर यांनी अशी चित्रे पुराव्यात घेतली. आपल्या देशातही १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत लष्करी शस्त्रवैद्य बीव्हर याने जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधण्यासाठी हे यंत्र सरहद्दीच्या डोंगरांत नेले होते.

या साऱ्या प्रारंभीच्या प्रकरणांत एक साम्य आहे. गोळी असो की मोडलेले हाड, सावली ठळक होती. ती कोणासही समजत होती. त्यामुळे असा समज रूढ झाला, की क्ष-किरणांचे चित्र स्वतःच बोलते, त्यास दुभाष्या नको. वस्तुतः गोळीची सावली जितकी बोलकी, तितकीच फुप्फुसातील बारीक ठिपक्यांची सावली मुकी असते. आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे ४५ वे कलम तज्ज्ञाच्या मतास स्थान देत आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद ३९ व्या कलमात आहे. कायदा चित्रास केवळ चित्र म्हणून सोडून देत नाही. वाचणारा कोण आणि त्याने कशाच्या आधारे वाचले, हेही तो विचारतो.

पूर्वी पडद्यावर थेट छाती पाहणारे डॉक्टर आधी वीस-वीस मिनिटे अंधारात बसत. उन्हातून एकदम गाभाऱ्यात शिरणाऱ्यास समईच्या उजेडात मूर्ती लगेच दिसत नाही. थांबावे लागते, तसेच हे होते. आज यंत्रे सुधारली, अंधारात बसण्याची गरज उरली नाही. पण थांबून पाहण्याची गरज संपली असे मात्र नव्हे. सांवेर रोडच्या त्या कामगाराच्या चित्राबाबत कोणी थांबले नव्हते, एवढेच त्याचे दुर्दैव होते.

पाटीवरची पेन्सिल

सांवेर रोडने उज्जैनीस पोचून आणखी वायव्येस गेले, की माळव्याच्या टोकाशी मंदसौर लागते. शिवना नदीच्या काठी अष्टमुखी पशुपतिनाथाचे मंदिर आहे, त्यासाठी भाविक तेथे जातात. हेच प्राचीन दशपूर. लाट देशातून आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने येथे सूर्याचे मंदिर बांधले आणि इसवी सन ४७३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला, असे वत्सभट्टीने रचलेला शिलालेख सांगतो. कारागिरांनी स्वतःच्या कमाईतून देऊळ उभारावे आणि त्यांचे नाव दगडावर कोरले जावे, असा तो काळ होता.

त्याच मंदसौरात पुढे दुसरा एक दगडाचा धंदा भरभराटीस आला, आणि त्याचा माल आपल्यापैकी बहुतेकांनी हाती धरलेला आहे. तो म्हणजे पाटीवरची पेन्सिल. मंदसौर आणि मुलतानपुरा यांसारख्या आसपासच्या गावांत स्लेटचा दगड विजेच्या करवतीने कापून या पेन्सिली होत. ज्या पेन्सिलीने आपण ‘श्रीगणेशा’ गिरवला, ती कापताना उडणाऱ्या पांढऱ्या धुळीत गारगोटीचा अंश, म्हणजे सिलिका, मोठ्या प्रमाणात असे.

ही धूळ इतकी सूक्ष्म असते, की ती फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचते. तेथील रक्षक पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत, स्वतःच मरतात. त्या जागी गाठ पडून तंतुमय व्रण होतो. असे हजारो व्रण झाले, की ताणून फुगणारे फुप्फुस कडक होते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. झालेले व्रण पुन्हा नाहीसे करणारे औषध नाही, आणि धूळ सुटल्यावरही रोग पुढे सरकू शकतो.

चित्रात तो कसा दिसतो? फुप्फुसाच्या काळ्या पटावर, विशेषेकरून वरच्या भागात, मोहरीएवढे पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात. सभोवती हवा आहे म्हणूनच ते दिसतात. तेवढाच व्रण यकृतात असता तर साध्या चित्रात कळलाही नसता. पुढे हे ठिपके एकत्र येऊन मोठे डाग होतात. कधी फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींच्या कडेने कॅल्शियम जमते आणि अंड्याच्या टरफलासारखी पांढरी रेघ उमटते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने मंदसौरच्या पेन्सिल-कामगारांची पाहणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. ५९३ कामगारांची तपासणी झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या चित्रांत सिलिकोसिसच्या सावल्या होत्या. त्याआधी १९८२ साली मध्य प्रदेशाने स्लेट-पेन्सिल कामगारांच्या कल्याण निधीसाठी स्वतंत्र कायदा केला होता. एका लहानशा धंद्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच संकटाचे मान कळते.

एकाच सावलीचे दोन अर्थ

येथे आपण माझ्या मेजावरच्या त्या चिठ्ठीकडे परत येतो. क्षयाच्या सावल्याही बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागातच असतात, त्याही पांढऱ्याच. ज्या देशात क्षय घरोघर, तेथे छातीवर पांढरे दिसले की डॉक्टरच्या लेखणीतून प्रथम क्षय उतरतो. त्यात त्याचा हेतू वाईट नसतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्यास क्षय जडण्याची भीती इतरांहून पुष्कळ अधिक. म्हणजे दोन्ही रोग एकाच छातीत नांदू शकतात. परंतु न्यायाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. क्षय म्हटले की रोग कामगाराचा; सिलिकोसिस म्हटले की प्रश्न कारखान्याच्या हवेचा.

१९३० मध्ये जोहान्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेपासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने धुळीच्या रोगांची चित्रे वाचण्याची एक पद्धत घडवली. प्रमाण-चित्रे शेजारी ठेवावयाची, ठिपक्यांचा आकार मोजावयाचा, त्यांची दाटी बारा पायऱ्यांच्या श्रेणीत मांडावयाची, अशी ती पद्धत आहे. तिच्या मार्गदर्शनात दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या आहेत. केवळ धुळीमुळेच उमटते अशी एकही खूण चित्रात नसते. आणि भरपाई कोणास द्यावी याची कायदेशीर रेषा ही श्रेणी आखत नाही. म्हणजे चित्र वाचण्याचे जगन्मान्य शास्त्रही असे म्हणते, की एकट्या चित्रावर निकाल देऊ नका.

मग त्या चित्राशेजारी काय ठेवावयाचे? माणसाच्या कामाचा इतिहास. तो कोठे, किती वर्षे, कोणत्या धुळीत उभा होता, हे ठाऊक असेल तर तेच ठिपके बोलू लागतात. झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेतील दगड दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि खोकत परतले. तेथे त्यांची हजेरी धड कागदावर नव्हती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये त्यांच्या बाजूने शिफारस केली. आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांस प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात राज्यास दिला. तो आदेश मिळेपर्यंत ही २३८ माणसे जग सोडून गेलेली होती.

जेथे सावलीच पडत नाही

आतापर्यंत सावली दिसली आणि चुकीची वाचली गेली, त्याची हकीकत झाली. याहून अवघड प्रकरण इंदूरच्याच अंगणातले आहे. होळकरांच्या काळापासून हे शहर कापसाच्या गिरण्यांचे. भोंग्यावर शहराचे घड्याळ चाले. पिंजण आणि धुनाई खात्यांत कापसाच्या धुळीचे धुके असे. त्या धुळीने होणाऱ्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते. बहुधा तो सोमवार असतो. आठवडा सरत जातो तसा त्रास कमी होतो. पुढे वर्षे लोटली की तो रोजचाच होतो आणि दम कायमचा लागतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी सहकाऱ्यांसह गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून या रोगाचा अभ्यास केला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. हा रोग इतर दम्या-खोकल्यापासून वेगळा कसा ओळखावा, हाच त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न पडण्याचे कारण असे, की बिसिनोसिसची म्हणून काही खास सावली क्ष-किरणांच्या चित्रात उमटतच नाही. कापसाचा तंतू कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा. त्यात गारगोटीचा व्रणही नाही आणि हाडाचे कॅल्शियमही नाही. श्वासनलिका आवळतात, पण आवळलेली नलिका वर्ण बदलत नाही. माणूस धापा टाकतो आणि त्याचे चित्र स्वच्छ असते.

वकील म्हणून मला हे कळले तेव्हा मी पुष्कळ वेळ अस्वस्थ होतो. साक्षीदार काही बोलला नाही म्हणून आरोप खोटा ठरत नाही, हे आम्ही रोज न्यायालयात सांगतो. परंतु ‘चित्र स्वच्छ आहे’ हे तीन शब्द किती गिरणी कामगारांस कामचुकार ठरवून गेले असतील! तेथे चित्र नव्हे, तर सोमवारी कामाआधी व कामानंतर श्वास मोजावा लागतो, आणि त्याहून आधी त्या माणसास विचारावे लागते, की बाबा, तुला त्रास केव्हा होतो?

इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांची थकलेली देणी वाटण्याचा दिवस उगवला तो डिसेंबर २०२३ मध्ये. ज्या मजुरीचा हिशेब वहीत लिहिलेला होता ती मिळण्यास बत्तीस वर्षे लागली. मग ज्या धुळीचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता, तिची दाद कोण घेणार?

कायद्याने काय केले

कायदा अगदीच आंधळा राहिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा यांच्या परिशिष्टांत सिलिकोसिस व बिसिनोसिस हे दोन्ही व्यवसायजन्य रोग म्हणून दाखल झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले, तरी रोगांची ती यादी पुढे चालू राहिली आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला; आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवण्यास सांगितले. माझ्या मते या निकालातील सर्वांत मोलाची गोष्ट ही नोंदवहीची आज्ञा होय. सावली वाचण्यास लागणारा दुसरा कागद तोच आहे.

माझ्या त्या अशिलाचे मी एवढेच केले. त्याच्या अठरा वर्षांचा इतिहास त्याच्याकडून ऐकून, सोबत्यांकडून पडताळून, महिना-वर्षासह लिहून काढला आणि तो कागद त्याच्या फिल्मसह दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चित्र दिव्यावर लावले, कागद वाचला, पुन्हा चित्र पाहिले, आणि प्रमाण-चित्रे मागवली. चित्र तेच होते. अभिप्राय मात्र बदलला. दावा अजून चालू आहे. त्याचा खोकलाही चालू आहे.

आपल्या दारची धूळ

हा विषय देवळाच्या मंडळीत का काढला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दगडातच आहे. आज देशभर देवळांचे जीर्णोद्धार होतात, नवी शिखरे उभी राहतात, आणि त्यांसाठी कोरीव दगड लागतो. राजस्थानातील सिरोही जिल्ह्यात पिंडवाडा येथे देवळांचे स्तंभ आणि कमानी कोरणाऱ्या कारागिरांच्या शाळा आहेत. पूर्वी छिन्नी-हातोड्याने होणारे काम आता विजेच्या चाकाने होते. वालुकाश्म म्हणजे बव्हंशी गारगोटीच, आणि तिची धूळ मंदसौरच्या धुळीची सख्खी बहीण होय. तेथील कारागिरांत सिलिकोसिस आढळला आहे. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या रोगासंबंधी धोरण जाहीर केले. वैद्यकीय मंडळाने रोग प्रमाणित केल्यावर तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर वारसांस दोन लाख, अशी त्यात तरतूद करण्यात आली.

उपाय फार अवघड नाहीत. दगड पाणी सोडून ओला कापावा, धूळ जेथे उडते तेथूनच यंत्राने ओढून घ्यावी, योग्य मुखवटा द्यावा, आणि वर्षातून एकदा छातीचे चित्र काढून ते वहीत लावून ठेवावे. दगड मागवणाऱ्या मंडळाने करारात ही चार कलमे घातली, तर कोरणाऱ्याची छाती वाचेल आणि देवळाच्या खर्चात विशेष भर पडणार नाही. करार लिहिणे हा माझा धंदा आहे. असे कलम कसे लिहावे हे ज्या देवस्थानास हवे असेल त्यास सांगण्यास मी आनंदाने तयार आहे.

दशपूरच्या विणकरांनी देऊळ बांधले, त्यांची आठवण दगडाने दीड हजार वर्षे जपली. आपल्या देवळाचा दगड कोरणाऱ्याची आठवण त्याच्या फुप्फुसातील पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने उरावी, हे देवासही रुचणार नाही. कोंकणीत सावलीस सावळी म्हणतात. उन्हात चालणाऱ्यास ती दिलासा देते. चित्रात उमटलेली ही सावळी मात्र कोणी तरी नीट वाचावी म्हणून वाट पाहत असते. पुढच्या वेळी महाकाळाच्या दर्शनास जाताना सांवेर रोडवरच्या पत्र्याच्या छपरांकडे आपण एकदा मान वळवून पाहावे, इतकीच वाचकांस विनंती.